एका गणिताला एक माळ

सीईटीचा गणिताचा पेपर 50 प्रश्नांचा आणि 90 मिनिटांचा. एका प्रश्नाला 2 गुण, चुकलं तर दंड नाही. क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर 90 ला 60 नं गुणलं, आलेल्या 5400 ला 50 नं भागलं आणि उत्तराभोवती लाल खडूनं इतक्या जोरात गोल काढला की खडू मोडला. गोलाच्या आत आकडा होता 108. एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद.

"एक सौ नौवाँ सेकंड अगले सवाल से चोरी है, बेटा," सर म्हणाले. आमचे सर राजस्थानकडचे. त्यांच्या तोंडी 'बेटा' हा शब्द धमकीसारखा यायचा.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी हा आकडा आजीला सांगितला. ती ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं पिठाचे हात तसेच जोडले.

"एकशे आठ? म्हंजे माळच की रे! सरकारनं इचार करूनच ठेवलंय म्हणायचं."

परीक्षेचा वेळ ठरवताना सरकारच्या डोळ्यांपुढं तुळशीची माळ असेल असं मला वाटलं नाही. पण पुढची दोन वर्षं माझ्या अभ्यासाचं घड्याळ मात्र तेच झालं.

आमचं गाव निलंगा तालुक्यात. दहावीला मराठी माध्यमातून गणितात 100 पैकी 96 पडले आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. आमच्याकडं शहाण्णव पडलेलं पोरगं गावात ठेवणं म्हणजे दुभती म्हैस उपाशी बांधून ठेवण्यासारखं पाप समजतात. त्याला लातूरला धाडतात. मेसच्या जेवणानं पोराचं पोट बिघडेल आणि पोटामुळं पर्सेंटाईल बिघडेल, अशी साखळी वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, मांडली आणि माझ्यासोबत आजीलाही धाडलं. ट्यूशन एरियातली एक खोली, एक गॅस, एक पलंग, विठोबाचा एक फोटो आणि आम्ही दोघं. पलंगावर पुस्तकं झोपायची.

ट्यूशन एरिया ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. इथं माणसांपेक्षा झेरॉक्सची दुकानं जास्त. चौकाचौकात फलक, आणि फलकांवर पासपोर्ट आकाराचे शंभर-शंभर फोटो. लांबून बघितलं तर कुठल्या तरी दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वाटाव्यात. जवळ गेल्यावर फरक कळतो. या फोटोंखाली गुण लिहिलेले असतात, शुभेच्छुकांच्या फोटोंखाली नसतात.

शिवाय मी इथं अल्पसंख्याक. आमच्या इमारतीत सगळी पोरं नीटवाली. लातुरात पाठीवर सॅक दिसली की लोक "नीट का?" एवढंच विचारतात. "नाही, सीईटी, गणित," असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, जणू पंढरपूरला निघालेला माणूस मधेच बार्शीला उतरला. शेजारच्या खोलीतला पोरगा रात्री अडीचला मोठमोठ्यानं बेडकाची पचनसंस्था पाठ करायचा. भिंत पातळ होती. आज मला बेडकाबद्दल जितकं माहीत आहे तितकं बऱ्याच इंजिनिअरांना नसेल.

पाण्याचा तर वेगळाच पाठ. पाचवीच्या स्कॉलरशिपपासून मी नळ आणि टाकीची गणितं करत आलो होतो. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत रिकामी करतो, वगैरे. लातूरला आल्यावर कळलं की या गणितांत मुळातच एक चूक आहे. त्यात नळाला पाणी गृहीत धरलेलं असतं. ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं, तिथल्या मालकाला 'दोन्ही नळ एकदम सोडले तर' हे शब्द ऐकवून बघा. तो भाडं वाढवेल.

पहिला महिना मला गणित कळत नव्हतं असं म्हणणं गणितावर अन्याय करणारं आहे. मला गणितातली माणसं ओळखू येत नव्हती. ज्याला मी इतकी वर्षं कर्ण म्हणत होतो तो एका रात्रीत हायपोटेन्यूज झाला. कर्ण कसा भारदस्त वाटायचा! त्रिकोणातला सगळ्यात मोठा, आणि नशीब असं की कायम काटकोनाच्या समोरच्या बाजूला उभा. हायपोटेन्यूज म्हटलं की तपासणी करून घ्यावीशी वाटते. स्पर्शिका टॅन्जंट झाली, जीवा कॉर्ड झाली, वर्गसमीकरण क्वाड्रॅटिक झालं. लसावि आणि मसावि हे तर मला लहानपणापासून एकाच घरातले दोन भाऊ वाटायचे. त्यांची एलसीएम आणि एचसीएफ अशी नावं ऐकून दोघंही बँकेत नोकरीला लागल्यासारखे वाटले.

आणि साईन. याची गोष्ट मला अभ्यासिकेतल्या एका जुन्या मराठी पुस्तकात सापडली आणि त्या दिवशी डीपीपी राहिली. डीपीपी म्हणजे रोज सोडवायचा कागद. तो रोज मिळतो आणि रोज राहतो. तर साईन. आपल्याकडच्या जुन्या गणितात याला ज्या किंवा जीवा म्हणत, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी आपलं गणित घेतलं तेव्हा हा शब्द उच्चारासकट घेतला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळं पुढच्या कुणी तरी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे पोशाखाची घडी, खोळ. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यानं निष्ठेनं त्या खोळीचं 'सायनस' केलं, आणि सायनसचा साईन झाला. म्हणजे आपलीच दोरी काही शतकं परदेशांत हिंडली, एका चुकीच्या वाचनामुळं नाकातल्या सायनसची सख्खी बहीण झाली आणि लातूरला परत आली. तिची नव्यानं ओळख करून घ्यायला अप्पांनी वर्षाची फी आगाऊ भरली. आपण खिशाला जेब म्हणतो ती या जैबचीच. या प्रकरणात ती अप्पांची होती.

सरांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "पेपर में आएगा?" मी नाही म्हणालो. विषय संपला.

साईन, कॉस आणि टॅन लक्षात ठेवायला त्यांनी आम्हाला एक मंत्र दिला होता: 'पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले'. वर परपेंडिक्युलर, बेस, परपेंडिक्युलर. खाली हायपोटेन्यूज, हायपोटेन्यूज, बेस. वरचं अक्षर भागिले खालचं, की तिन्ही गुणोत्तरं तयार. मी हे आठवडाभर घोकत होतो. आजी आठवडाभर काही बोलली नाही. मग एका सकाळी तिनं आदरानं विचारलं, "हे बद्रीमहाराज कुठले रे? कीर्तन बरं करत्यात का?"

आता पद्धतीबद्दल बोलायला हवं, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

शाळेत मला गणित आवडायचं ते त्यातल्या 'समजा' या शब्दासाठी. समजा, मुलाचं आजचं वय एक्स. हे लिहिलं की कसं मांडी घालून बसल्यासारखं वाटायचं. मग 'दिलेल्या अटीनुसार', मग 'म्हणून', मग पुन्हा 'म्हणून', आणि शेवटी दोन रेघा मारून उत्तर. मधे वजाबाकी चुकून मुलाचं वय वडिलांपेक्षा जास्त निघालं तरी आमचे गुरुजी पद्धतीचे तीन गुण द्यायचे. चुकलेल्या माणसालाही तो कुठल्या रस्त्यानं चुकला हे विचारणारी ती परीक्षा होती.

सीईटीत रस्ता कुणी विचारत नाही. पडद्यावर चार पर्याय असतात, त्यातल्या एकावर माऊस टिचकवायचा. आमच्या सरांचं शास्त्र यावरच उभं होतं. "सवाल सॉल्व नहीं करना है बेटा, आन्सर पकडना है." उत्तर हे चोरासारखं चौघांत लपलेलं असतं, आणि तिघांची झडती घेतली की चौथा आपोआप सापडतो. एक्सच्या जागी शून्य घालून बघा. शून्यानं नाही जमलं तर एक घाला. आधी पर्याय वाचा, मग प्रश्न. वेळ नसेल तर प्रश्न नका वाचू.

या शास्त्राचा राजा म्हणजे 'किंग'. निश्चित संकलनातला हा एक गुणधर्म आहे, पण क्लासमध्ये त्याला सगळे किंगच म्हणतात. अर्धं पान भरेल एवढं आक्राळविक्राळ संकलन दिसलं, वरचा तुकडा खालच्या दोन तुकड्यांपैकी एक असला, आणि मर्यादांची बेरीज करून त्यातून एक्स वजा केल्यावर त्या दोन तुकड्यांनी नुसत्या जागा बदलल्या, की काही करायचं नाही. वरची मर्यादा वजा खालची मर्यादा, भागिले दोन. झालं उत्तर. शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत असेल तर पाय भागिले चार. सर फळ्यावर गणित लिहायचे आणि एका सुरात विचारायचे, "क्या लगेगा?" आणि दोनशे पोरं ओरडायची, "किंग!" बाहेरून जाणाऱ्या माणसाला आत शिवजयंतीची तयारी चालली आहे असं वाटत असणार.

ही ट्रिक का चालते, हे सरांनी एकदा सांगितलं होतं. त्या दिवशी मी गैरहजर होतो. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, डाऊट काउंटरवर जा. डाऊट काउंटरवर बसलेला दादा गेल्या वर्षीचा रिपीटर होता. त्यानं माझ्याकडं कीव करून बघितलं. "भाऊ, तू 'का' मध्ये कशाला पडायलास?"

चिडून मी सरांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक गणित आहे. ग्रंथ 1150 सालचा, म्हणजे पीवायक्यू, मागच्या वर्षांचा प्रश्न, म्हणायलाही फार जुना. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्यानं मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? मी या गणितासोबत आख्खी दुपार घालवली होती. समजा एक्स हातांवर मोडला, मग कर्ण बत्तीस वजा एक्स, मग पायथागोरस. उत्तर बारा. इतका आनंद झाला होता की आजीला चहा करून दिला.

सरांनी गणित ऐकलं. "ऑप्शन?"

"ऑप्शन नाहीत, सर."

"फिर तो सवाल अधूरा है, बेटा."

माझ्या चेहऱ्यावर विजय दिसला असावा, कारण त्यांनी लगेच खडू उचलला. "सोलह है ना? चार का चौगुना. तीन-चार-पाँच का त्रिकोण, सबको चार से गुणा करो. बारह, सोलह, बीस. बारह और बीस बत्तीस. बारह पे टूटा. नेक्स्ट." चार सेकंद लागले. मान्य करायला हवं, माणूस विलक्षण होता. भास्कराचार्यांना एवढा वेळ मिळाला की त्यांनी वाराही आणला आणि वेळूही मोडला. आमच्या सरांना तेवढा वेळ कुणी दिला असता तर त्यांनी काय केलं असतं, असा प्रश्न मला कधी कधी पडतो.

याच सुमारास एका नातलगानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून लोनीसाहेबांची त्रिकोणमिती आणून दिली. हे पुस्तक पहिल्यांदा 1893 साली निघालं. सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवातही त्याच सालची सांगतात. गणपतीचं तरी दहा दिवसांनी विसर्जन होतं, लोनीसाहेब मात्र सव्वाशे वर्षं मांडवातच बसलेले आहेत. मी त्यातली अकरा पानं सोडवली. नातलग भेटले की "लोनी कुठवर आलं?" विचारायचे, वारीत पालखी कुठवर आली विचारतात तसं. मी प्रत्येक वेळी वेगळं प्रकरण सांगायचो.

संभाव्यता हे प्रकरण मात्र आमच्या घराला झेपलं नाही. आम्ही माळकरी. घरात पत्त्यांचा कॅट कधी आलेला नाही. आणि बालभारतीचं पुस्तक उघडावं तर पानोपानी पत्ते, फासे, नाणेफेक. बावन्न पत्त्यांत चित्राची बारा पानं असतात, हे मला शासनमान्य पुस्तकातून कळलं. वर्गातल्या ज्या पोरांनी जत्रेत तीन पत्ती बघितली होती ती पहिल्या दिवसापासून पुढं. मी आपला इस्पिक काळं की किलवर काळं हेच आठवत बसायचो. दोन्ही काळी असतात, हे कळायला दोन दिवस गेले.

एका रविवारी अप्पा तूरडाळीची पिशवी घेऊन आले आणि माझी वही उघडी होती. वहीत माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'दोन्ही पत्ते राण्या येण्याची संभाव्यता'. अप्पांनी आजीकडं बघितलं. आजीनं विठोबाकडं बघितलं.

मी घाईघाईनं समजावून सांगितलं. बावन्नातून दोन पत्ते काढायचे 1326 मार्ग, चार राण्यांतून दोन काढायचे 6, म्हणून 221 मध्ये 1. अप्पांचं किराणा दुकान आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"दोनशे एकवीस डावांत एकदा?"

"हो."

"मग खेळायचंच कशाला?"

या प्रकरणावर इतकं नेमकं भाष्य मी नंतर कुठं वाचलं नाही.

गुणाकाराचा प्रश्न तसा राहतोच, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. क्लासनं त्यासाठी वेगळी 'स्पीड मॅथ्स'ची बॅच काढली, वेगळ्या फीची. मी गावाकडं आबांना फोन लावायचो. आबा चौथी शिकलेले. तरुणपणी आडतीवर मुनीम होते आणि त्यांना पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी अशी सगळी अपूर्णांकांची घराणी तोंडपाठ. त्यातली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. औट घटकेचं राज्य म्हणतात त्यातला औट तो हाच, हे मला तेव्हा कळलं.

"आबा, साडेतीन गुणिले सतरा?"

"साडेएकोणसाठ. तूर काय भाव गेली लातूरला?"

उत्तर आणि प्रश्न यांच्यामध्ये श्वासही नसायचा. आबा सीईटीला बसले असते तर निम्मा वेळ त्यांनी पर्यवेक्षकाला बाजारभाव विचारण्यात घालवला असता, आणि तरी त्यांचा पेपर सोडवून झाला असता.

माझा व्हायचा नाही. आणि व्हायचा तेव्हा चुकायचा. क्लासमध्ये या चुकांना 'सिली मिस्टेक' असं लाडाचं नाव आहे. दोन वर्षांत मला गंभीर चूक करणारा एकही विद्यार्थी भेटला नाही. पन्नासपैकी बावीस आले तरी पोरगं सांगायचं, "यायचं सगळं होतं, अठ्ठावीस सिली गेले." माझा सिलीपणा वजाच्या चिन्हात होता. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना ते कुठं तरी उतरून जायचं, चालत्या एसटीतून उतरणाऱ्या माणसासारखं. आजीला हे नाव समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमटीत मीठ इसरलं तर ती शिली आमटी का?" त्यानंतर मी तो शब्द तिच्यासमोर वापरला नाही.

डोक्यात सगळं इतकं भिनलं होतं की बाहेर जायची सोय राहिली नव्हती. गंजगोलाईत भाजी आणायला गेलो की जगदंबेच्या देवळापाशी उभा राहून रस्ते मोजायचो. वर्तुळाकार बाजार, आणि त्यातून सोळा रस्ते फुटतात. 360 भागिले 16, साडेबावीस अंश. साडेबावीसचा टॅन म्हणजे वर्गमूळ दोन वजा एक, हे तर सीईटीचं आवडतं. म्हणजे या रस्त्यावरून शंभर पावलं गेलं आणि काटकोनात वळलं, तर पुढचा रस्ता साधारण एक्केचाळीस पावलांवर लागायला हवा. मी चालून बघायला वळलो. काटकोनात एक चपलांचं दुकान आलं.

"काय दाखवू?" दुकानदार म्हणाला.

मी चप्पल घेऊन आलो. भाजी राहिली.

परीक्षेच्या चार महिने आधी खरा सराव सुरू झाला. क्लासनं सांगितलं होतं की टायमर लावून बसा. माझ्याकडं बटणांचा फोन होता, कारण साध्या फोननं पर्सेंटाईल वाढतं अशी अप्पांची श्रद्धा. त्याचा टायमर वाजला की संपूर्ण इमारत जागी व्हायची आणि बेडूक थांबायचा. मग आजी म्हणाली, "मी बसते की माळ घेऊन."

मी आधी तपासून घेतलं. तिनं 'रामकृष्णहरी' म्हणत दहा मणी ओढले, घड्याळात बरोबर दहा सेकंद झाले. दहा मण्यांना दहा, म्हणून एकशे आठ मण्यांना एकशे आठ. अकरावीत आम्हाला गणिती विगमन नावाचं प्रकरण होतं, त्याचा हा मी आयुष्यात केलेला एकमेव उपयोग.

रोज रात्री जेवणं झाली की आम्ही समोरासमोर बसायचो. ती मेरुमण्यापाशी आली की "झाली" म्हणायची आणि मी पेन्सिल खाली ठेवायचो. या 'झाली'ची मला इतकी धास्ती बसली की दूधवाल्यानं "झाली का ताई, भांडी?" असं विचारलं तरी माझा हात थांबायचा. एखादं गणित चाळिसाव्या मण्याला सुटायचं. मी म्हणायचो, "आजी, राहिलेले अडुसष्ट पुढच्या गणिताला धर."

"जप उसना देता येत न्हाई, लेकरा."

अशा रीतीनं मी पन्नास गणितांचे किती तरी पेपर सोडवले. प्रत्येक पेपरला आजीच्या पन्नास माळा. माझा अभ्यास किती झाला ते निकालात दिसलं, पण तिच्या खात्यावर त्या उन्हाळ्यात जे पुण्य जमा झालं त्याला तोड नव्हती. शेजारच्या नीटवाल्याची आई येऊन विचारून गेली, आमच्या पोरालाही बसाल का म्हणून. नीटला किती सेकंद लागतात ते बघून सांगते, असं आजीनं तिला सांगितलं.

परीक्षा उन्हाळ्यात आली. लातूरचं ऊन म्हणजे काय, ते तापलेल्या तव्यावरच्या भाकरीला विचारावं. केंद्रावर झडती झाली. मनगटाचा दोरा काढला, पट्टा काढला, आजीनं खिशात घातलेलं तुळशीचं पानही काढलं. आधीचा दीड तास भौतिक आणि रसायन, त्यात काय झालं ते सोडून देऊ. मग गणिताचा विभाग उघडला.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते, पण मी तिकडं बघत नव्हतो. मला मणी ऐकू येत होते. दर प्रश्नाला बरोबर वेळेवर डोक्यात कुणी तरी "झाली" म्हणायचं आणि मी पुढं जायचो. दोन वेळा किंग लागला. एकदा पत्ते आले, त्यात राणी नव्हती, गुलाम होता. तीन प्रश्नांची उत्तरं देवाच्या नावानं टिचकवली, कारण दंड नव्हता. पन्नासावा संपवून कोपऱ्यात बघितलं तर 1 मिनिट 40 सेकंद शिल्लक!

असं कधी झालं नव्हतं. आजवर कधी पाच सेकंदही उरले नव्हते. वरच्या खोलीत अचानक पाहुणे यावेत तसा मी गोंधळलो. मग ठरवलं, एवढा वेळ आहे तर एक तरी गणित पद्धतीनं सोडवू. किंग लावून उत्तर दिलेलं एक संकलन पुन्हा उघडलं, कच्च्या कागदावर मन लावून लिहिलं, 'समजा'. खाली ओळीवर ओळी उतरल्या. म्हणून, म्हणून, म्हणून. उत्तर वेगळं आलं. मी आधीचं उत्तर पुसलं, नवं निवडलं, आणि पडदा बंद झाला.

काही दिवसांनी उत्तरतालिका आली. किंग बरोबर होता. कच्च्या कामात तिसऱ्या ओळीवर वजाचं चिन्ह उतरून गेलं असणार, ते आठवायलासुद्धा लागलं नाही.

पर्सेंटाईल आलं 91 च्या थोडं वर. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. तुमच्या शिफ्टमधली शंभरातली किती पोरं तुमच्याएवढी किंवा तुमच्या खाली आहेत, ते ते सांगतं, हे मी माझ्या एका काकांना तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान हलवली आणि गावभर पेढे वाटताना "गणितात एक्क्याण्णव टक्के" असंच सांगितलं. शिफ्टवाल्यांचा वाद वेगळा. सकाळची शिफ्ट सोपी होती की दुपारची, यावर अजून आमच्या ग्रुपवर भांडणं चालतात. ज्याची जी शिफ्ट, ती अवघड. मला प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत बऱ्यापैकी कॉलेज मिळालं. तिथं पहिल्याच सत्रात पुन्हा गणित आहे, आणि त्यात पद्धतीला गुण आहेत.

खोली सोडताना आजीची माळ तुटली. धागा झिजला होता, चार महिन्यांत किती राबवला होता तो. गंजगोलाईत एक जण माळा ओवून देतो, त्याच्याकडं घेऊन गेलो. त्यानं मणी पुढ्यात ओतले, दहा-दहाचे ढीग केले आणि म्हणाला, "दोन कमी हायत की. मेरू सोडून एकशे सहाच भरत्यात."

मी आजीकडं बघितलं.

"ते होय," आजी म्हणाली. "दोन चंद्रभागेत गेलेत. तुझा बाप लहान होता तवा. देवाला काय, कळतं की."

मी तिथंच, माळवाल्याच्या ओट्यावर बसून गुणाकार केला. एका गणिताला दोन सेकंद कमी, पन्नास गणितं, शंभर सेकंद. एक मिनिट चाळीस सेकंद. मग उरलेल्या वेळात मी काय केलं होतं तेही आजीला सांगितलं, जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, त्या एका गणिताला गुण किती असतात. मी म्हणालो, दोन.

"दोन मणी, दोन गुण," आजी म्हणाली. "फिटलं."

नवे मणी दहा रुपयांना बसले.